पेशीबाह्य पुटिका आणि विद्युतक्षेत्र : परिणाम कोठे होतो, कोठे नाही

शेतावरून उच्चदाबाची वीजवाहिनी गेली किंवा बांधालगत मोबाइलचा मनोरा उभा राहिला, की पिकावर आणि दुभत्या जनावरांवर त्याचा काय परिणाम होईल हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांपुढे हमखास येतो. दुसऱ्या बाजूने, बियाणे चुंबकीय किंवा विद्युतक्षेत्रातून काढले की उगवण वाढते असे सांगणारी उपकरणेही शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत असतात. भीती आणि प्रलोभन या दोहोंच्या भाषेत आता ‘एक्सोसोम’ हा नवा शब्द मिसळू लागला आहे. पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांवर विद्युतचुंबकीय क्षेत्राचा परिणाम होऊ शकतो, हे विधान खरे आहे. परंतु तो किती तीव्रतेच्या क्षेत्रात होतो, कोणत्या मार्गाने होतो आणि मुळात पुटिकेवर होतो की ती सोडणाऱ्या पेशीवर, हे सांगितल्याखेरीज शेतीच्या व्यवहारात त्या विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

पुटिका म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या पातळ पटलाने वेढलेली अतिसूक्ष्म पिशवी. वनस्पती, प्राणी, बुरशी आणि जिवाणू या सर्वांच्या पेशी अशा पिशव्या बाहेर सोडतात. त्यांतील एक्सोसोम या प्रकाराचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. १०० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका एका ओळीत मांडल्या, तर एका मिलिमीटरमध्ये दहा हजार बसतील. त्यांच्या पोटात प्रथिने, स्निग्धाम्ले आणि आरएनएचे तुकडे असतात. १९६७ साली रक्तबिंबिकांपासून सुटणाऱ्या अशा कणांचे वर्णन पीटर वुल्फ यांनी ‘बिंबिकांची धूळ’ असे केले होते. त्याच वर्षी गाजराच्या संवर्धित पेशींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणाऱ्या हॅल्पेरिन आणि जेन्सन यांना पेशीच्या कडेशी पुटिकांनी भरलेल्या पिशव्या दिसल्या. या पिशव्या पेशीपटलाशी एकजीव होऊन आतील पुटिका बाहेर सोडत असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. वनस्पतिशास्त्रातील हे निरीक्षण पुढे अनेक दशके जवळजवळ विस्मृतीत गेले.

प्राण्यांच्या बाबतीत निर्णायक पुरावा मिळाला तो मेंढीच्या रक्तातून. १९८३ मध्ये माँट्रियल येथील रोझ जॉन्स्टन यांच्या प्रयोगशाळेने मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास केला. पेशी परिपक्व होताना लोहवाहक प्रथिन पकडणारे ग्राही रेणू तिला नकोसे होतात आणि ती ते पुटिकांत बांधून बाहेर टाकते, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी सेंट लुईस येथील फिलिप स्टाल यांच्या गटाने उंदराच्या पेशींत हेच पाहिले. तेव्हा पुटिका म्हणजे पेशीचा केरकचरा, इतकेच महत्त्व तिला मिळाले. २००७ मध्ये स्वीडनमधील गटाने या पुटिकांत आरएनए असते आणि ते दुसऱ्या पेशीत पोहोचून कार्य करू शकते असे दाखवले, तेव्हा हा केरकचरा निरोपाचे पाकीट ठरला.

पिकाच्या संरक्षणाशी संबंध

शेतीच्या दृष्टीने खरी उत्सुकता वाढवणारे काम त्यानंतरचे आहे. अर्जेंटिनातील संशोधकांनी २००९ मध्ये पाण्यात भिजवलेल्या सूर्यफुलाच्या बियांतील पेशीबाह्य द्रवातून पुटिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये त्याच गटाने पुढचे पाऊल टाकले. सूर्यफुलाच्या पुटिका स्क्लेरोटिनिया या बुरशीच्या पेशी आत घेतात आणि त्यामुळे बुरशीची वाढ खुंटते, असे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात रटर आणि इन्स यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीच्या पानांतून पुटिका मिळवल्या. निर्वाताच्या साहाय्याने पानाच्या पेशींमधील पोकळ्यांत द्रावण भरावयाचे आणि नंतर अपकेंद्री यंत्रात ते हलकेच काढून घ्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. पानावर जिवाणूंचा हल्ला झाला किंवा सॅलिसिलिक आम्ल दिले, की पुटिकांचे प्रमाण वाढते असे त्यांना दिसले. पुटिका ही वनस्पतीच्या संरक्षणव्यवस्थेचा भाग असल्याचे हे चांगले लक्षण होते.

२०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील हेलिंग जिन यांच्या गटाने याच वनस्पतीत एक विलक्षण देवाणघेवाण उघडकीस आणली. बोट्रायटिस ही राखाडी बुरशी पानावर आली, की वनस्पती पुटिकांमधून लहान आरएनए पाठवते. ते बुरशीच्या पेशीत शिरून तिच्या रोगकारक जनुकांची तोंडे बंद करते. हीच बुरशी द्राक्ष, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, गुलाब आणि थंड व दमट हवामानातील हरभरा यांचे नुकसान करते. त्यामुळे पुटिकेत हवे ते आरएनए भरून त्याची फवारणी करता येईल का, हा विचार ओघानेच आला. उघडे आरएनए पानावर ऊन, पाऊस आणि सूक्ष्मजीवांच्या विकरांमुळे लवकर नष्ट होते. पटलाच्या आवरणात ते अधिक काळ टिकते.

मात्र येथेच एक अडचण उभी राहिली. इन्स यांच्याच गटाने २०२२ मध्ये असे दाखवले की अरॅबिडॉप्सिसच्या पेशीबाह्य द्रवातील आरएनएचा मोठा भाग पुटिकांच्या आत नसून बाहेर, प्रथिनांना चिकटलेल्या स्वरूपात असतो. आरएनए आत आहे की बाहेर चिकटलेले आहे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण पाकिटातील पत्र आणि पाकिटाला बाहेरून चिकटलेला कागद यांत जेवढा फरक, तेवढाच तो आहे. याच प्रश्नाने विद्युतक्षेत्राच्या संशोधनालाही एकदा मोठा तडाखा दिला होता.

झटक्याने पाकीट उघडते का?

तीव्र विद्युतक्षेत्राचा क्षणिक झटका दिला की पेशीपटलात अल्पकाळ टिकणारी छिद्रे पडतात आणि बाहेरचे रेणू आत शिरतात. या तंत्राने १९८२ मध्ये उंदराच्या पेशींत जनुक घालण्यात यश आले. आज जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत ते नित्याचे आहे. युरोपातील बटाटा प्रक्रिया उद्योगातही हेच भौतिकशास्त्र वापरले जाते. कापण्यापूर्वी बटाट्याला विद्युतस्पंद दिले, की पेशीपटले सच्छिद्र होऊन बटाटा मऊ पडतो आणि काप स्वच्छ येतात.

जे पेशीत जमते ते पुटिकेतही जमावे, या अपेक्षेने ऑक्सफर्डमधील गटाने २०११ मध्ये उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींपासून मिळालेल्या एक्सोसोमना असे झटके देऊन त्यांत लहान आरएनए भरले. हे एक्सोसोम उंदराच्या रक्तात सोडले असता ते मेंदूपर्यंत पोहोचले आणि लक्ष्य केलेल्या जनुकाची अभिव्यक्ती सुमारे ६० टक्क्यांनी घटली. या शोधनिबंधाने जगभर खळबळ उडाली. औषध वाहून नेणारे नैसर्गिक पाकीट आणि ते भरण्याची सोपी रीत, दोन्ही एकदम हाती आल्यासारखे वाटले.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी पुटिका न घालता केवळ आरएनएच्या द्रावणाला तोच झटका दिला. आरएनएचे गोळे तळाशी बसले, आणि तेही पुटिका असताना बसत तसेच. झटक्याच्या वेळी धातूच्या इलेक्ट्रोडमधून आयन सुटतात, त्यांच्याशी आरएनए बांधले जाऊन गोळे तयार होतात, आणि अपकेंद्री यंत्रात ते पुटिकांबरोबरच खाली येतात. म्हणजे ‘पुटिकांत भरले गेलेले’ म्हणून मोजलेल्या आरएनएचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात पुटिकांबाहेरच्या गोळ्यांत होता. गोळे होऊ नयेत अशी खबरदारी घेतल्यावर भरणाचे प्रमाण पूर्वीच्या अंदाजांच्या तुलनेत अगदीच नगण्य निघाले. ऑक्सफर्डच्या प्रयोगात उंदरांवर दिसलेला परिणाम या निरीक्षणाने खोटा ठरत नाही. पण ‘झटका दिला की पुटिका भरते’ हे सोपे समीकरण मात्र मोडले. या साऱ्या प्रकरणात सर्वांत उपयुक्त ठरले ते पुटिकाविरहित नमुन्याचे तुलनापात्र. कृषी संशोधनात ज्याला नियंत्रित वाफा म्हणतात, त्याचेच हे रूप.

हे अपयश भौतिकशास्त्राने आधीच सुचवले होते, असे मागे वळून पाहता म्हणता येते. गोलाकार पेशी विद्युतक्षेत्रात ठेवली असता तिच्या पटलावर पडणारा जास्तीत जास्त दाब हा क्षेत्राची तीव्रता आणि पेशीची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या दीडपट असतो. पटलाला छिद्र पडण्यासाठी हा दाब साधारण एक व्होल्टपर्यंत जावा लागतो. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीसाठी त्याकरिता सेंटीमीटरमागे सुमारे ६७० व्होल्ट पुरतात. ५० नॅनोमीटर त्रिज्येच्या पुटिकेसाठी हाच हिशेब सेंटीमीटरमागे सुमारे १ लाख ३३ हजार व्होल्टवर जातो, म्हणजे दोनशे पट. पेशींसाठी बनवलेल्या नेहमीच्या उपकरणांत काहीशे ते काही हजार व्होल्ट प्रति सेंटीमीटर एवढेच क्षेत्र मिळते. वस्तू जितकी लहान, तितकी ती विद्युतक्षेत्राला कमी दाद देते. या एका नियमात पुढचा बराचसा उलगडा सामावलेला आहे.

पुटिकेऐवजी पेशीला हात

पुटिका दाद देत नाही, पण ती तयार करणारी पेशी देते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये हाच मार्ग धरला. नॅनो आकाराच्या वाहिन्या असलेल्या पट्टीवर त्यांनी पेशी वाढवल्या आणि त्या वाहिन्यांतून विद्युतस्पंद देऊन पेशींत जनुके घातली. पेशीने त्या जनुकांचे आरएनए स्वतः तयार केले आणि स्वतःच पुटिकांत भरून बाहेर सोडले. इतर पद्धतींच्या तुलनेत पुटिकांचे उत्पादन ५० पटींपर्यंत वाढले आणि पुटिकांतील संदेशवाहक आरएनए हजार पटींहून अधिक झाले. पटलाजवळ निर्माण झालेल्या स्थानिक उष्णतेचा ताण आणि पेशीत शिरलेले कॅल्शियम यांमुळे पुटिका सुटण्याचा वेग वाढला, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. कॅल्शियम आत आले की पुटिका सोडण्याची यंत्रणा गतिमान होते, हे अन्य प्रयोगांतूनही ठाऊक होते.

जपानमधील तोकुशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वर्षी याहून सौम्य मार्ग वापरला. संवर्धनपात्रातील उंदराच्या पेशींतून चौरस सेंटीमीटरमागे केवळ ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह नेला असता त्या अधिक पुटिका सोडू लागल्या. या प्रवाहाने पटलाला छिद्रे पडण्याचा प्रश्नच येत नाही. पेशीअंतर्गत संकेतसाखळी जागी होऊन हा परिणाम होतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे. पात्रातील द्रावण विजेचे चांगले वाहक असल्याने त्यात निर्माण होणारे क्षेत्र मीटरमागे दोन-तीन व्होल्टांच्या आसपास येते. म्हणजे छिद्र पाडणाऱ्या झटक्याच्या तुलनेत कितीतरी दुर्बळ क्षेत्रही पेशीचे वर्तन बदलू शकते. मात्र येथे इलेक्ट्रोड थेट द्रावणात बुडवलेले असतात आणि प्रवाह पेशींच्या थरातूनच वाहतो, ही बाब दृष्टिआड करता कामा नये.

पीक संरक्षणाच्या बाजूने पाहिले तर विजेची वाट सध्या तरी आडवाटच दिसते. हेलिंग जिन यांच्या गटाने २०२३ मध्ये बोट्रायटिसविरुद्ध ज्या कृत्रिम पुटिका वापरल्या, त्यांत आरएनए भरण्यासाठी झटका लागलाच नाही. धनभारित स्निग्ध रेणू आणि ऋणभारित आरएनए परस्परांना ओढून घेतात, एवढ्या साध्या आकर्षणावर त्यांनी काम भागवले. टोमॅटो, द्राक्षे, लेट्यूस आणि गुलाबाच्या पाकळ्यांवर उघड्या आरएनएपेक्षा या पुटिकांनी अधिक काळ संरक्षण दिले. भारतातही कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दुधातील एक्सोसोमचा असाच वाहक म्हणून विचार केला. हळदीतील कर्क्युमिन या एक्सोसोममध्ये असताना प्रयोगशाळेतील कृत्रिम पचनक्रियेत टिकून राहते आणि आतड्याच्या पेशींच्या थरातून अधिक प्रमाणात पार होते, असे त्यांनी दाखवले. कर्क्युमिन स्निग्ध पदार्थांत सहज विरघळते. अशा रेणूला पटलात शिरण्यासाठी विजेची गरज नसते. आरएनएसारख्या पाण्यात राहणाऱ्या, भारित आणि मोठ्या रेणूंची गोष्ट वेगळी आहे.

वीजवाहिनी आणि मनोरा

आता शेतकऱ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उच्चदाबाच्या वाहिनीखाली हवेतील विद्युतक्षेत्र मीटरमागे काही हजार व्होल्ट असू शकते. ५० हर्ट्झच्या क्षेत्रासाठी सर्वसामान्य जनतेच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा मीटरमागे ५,००० व्होल्ट आहे. आकडा मोठा वाटतो. पण प्राण्याचे शरीर विजेचे वाहक असल्याने पृष्ठभागावर भार सरकतो आणि आतील क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते. शरीरात जे उरते ते मीटरमागे मिलिव्होल्टांच्या श्रेणीत असते. पेशीला छिद्र पाडण्यासाठी मीटरमागे सुमारे ६७ हजार व्होल्ट लागतात, त्यापुढे हे लाखो पटींनी कमी आहे. तोकुशिमाच्या सौम्य प्रवाहाशी तुलना केली तर अंतर कमी होते, तरीही ते दहापट ते हजारपटीच्या घरात राहते. वाहिनीखालील गाईच्या दुधातील किंवा गव्हाच्या पानातील पुटिका बदलतात असा दावा कोणी केला, तर मोजमाप दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याचीच आहे.

मनोऱ्याचे गणित निराळे आहे. तेथील लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलतात. पटलावर भार साचण्यासाठी सूक्ष्मसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्यात क्षेत्राने शेकडो वेळा दिशा पालटलेली असते. त्यामुळे या लहरींचा प्रस्थापित जैविक परिणाम उष्णतेचा आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती चौरस मीटरमागे ०.४५ वॅट आहे. भर दुपारी उन्हातून त्याच क्षेत्रफळावर सुमारे १,००० वॅट येतात.

दुभत्या जनावरांच्या गोठ्यात विजेमुळे खरा त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. अर्थिंग सदोष असेल तर पाण्याची टाकी, लोखंडी दावण आणि ओली फरशी यांत काही व्होल्टांचा फरक निर्माण होतो. गाय पाण्याला तोंड लावताच तिच्या शरीरातून प्रवाह जातो. ती पाणी पिण्यास कचरते, धारेच्या वेळी अस्वस्थ होते, दूध आखडते. याला पुटिकांचे किंवा अदृश्य लहरींचे स्पष्टीकरण शोधण्यापूर्वी विद्युततंत्रज्ञाला बोलावून अर्थिंग तपासून घेणे अधिक शहाणपणाचे.

चुंबकीय बीजप्रक्रिया

चुंबकाच्या बाबतीत भारतीय संशोधन दुर्लक्ष करण्याजोगे नाही. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील अनंता वशिष्ठ आणि शांता नागराजन यांनी हरभरा, मका आणि सूर्यफूल यांच्या बियांवर स्थिर चुंबकीय क्षेत्राचे प्रयोग केले. क्षेत्राची तीव्रता २५० मिलिटेस्लापर्यंत आणि कालावधी एक ते चार तास असे अनेक संयोग त्यांनी तपासले. सूर्यफुलात ५० आणि २०० मिलिटेस्ला, दोन तास, या प्रक्रियांनी उगवण आणि रोपांची जोम सर्वांत चांगली दिली. प्रक्रिया केलेल्या बियांत अल्फा-अमायलेजसारख्या विकरांची क्रियाशीलताही अधिक आढळली. १०० मिलिटेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन हजार पट. तेव्हा हे काम वीजवाहिनी किंवा मनोऱ्याच्या चर्चेत पुरावा म्हणून वापरता येत नाही. शिवाय या प्रयोगांत उगवण, मुळांची वाढ आणि विकरे मोजली होती, पुटिका नव्हेत. अर्जेंटिनात सूर्यफुलाच्या बियांत सापडलेल्या पुटिका आणि दिल्लीत सूर्यफुलाच्या बियांना मिळालेला जोम, या दोन गोष्टी जोडून ‘चुंबकामुळे एक्सोसोम वाढतात’ असे वाक्य एखाद्या माहितीपत्रकावर छापलेले दिसले, तर ती जोडणी छापणाऱ्याची आहे, हे समजून असावे.

दिल्लीच्या निष्कर्षांतली आणखी एक गोष्ट विस्तार कार्यासाठी महत्त्वाची. तीव्रता वाढवली की फायदा वाढतच जातो, असे घडले नाही. ठरावीक तीव्रता आणि ठरावीक वेळ यांच्या जोडीलाच चांगला प्रतिसाद मिळाला. उपकरणावर तीव्रतेचा आकडाच नसेल, तर शास्त्रीय प्रयोगाशी त्याची तुलना करण्यास काही आधारच राहत नाही.

असे एखादे उपकरण गावात प्रात्यक्षिकासाठी आले, तर उट्रेख्टच्या प्रयोगाची युक्ती तेथेही चालते. एकाच पिशवीतील, एकाच लॉटचे बियाणे घ्यावे आणि नीट मिसळून दोन भाग करावेत. एक भाग चालू उपकरणात ठेवावा आणि दुसरा तेवढाच वेळ त्याच उपकरणात, पण ते बंद असताना ठेवावा. उपकरणात कायमचे चुंबक असतील तर चुंबक काढून ठेवावेत. ओलावा, तापमान आणि हाताळणी दोन्हीकडे सारखी झाली पाहिजे, कारण दोन तास उबदार जागी राहिल्यानेही बियाणे बदलते. बीजपरीक्षणाच्या रीतीप्रमाणे प्रत्येक भागातील ४०० बिया शंभराच्या चार संचांत उगवणीस लावाव्यात. संचांवर केवळ क्रमांक असावेत आणि मोजणाऱ्याला कोणता क्रमांक कशाचा हे ठाऊक नसावे. चार संचांच्या आपसातील फरकापेक्षा दोन भागांतील फरक स्पष्टपणे मोठा आला, तरच पुढच्या हंगामात वाफ्यावर जावे. आधीच ९५ टक्के उगवण असलेल्या ताज्या बियाण्यावर हा प्रयोग करू नये, तेथे सुधारणेला जागाच नसते. घरचे, एक पावसाळा पाहिलेले हरभऱ्याचे बियाणे त्यासाठी अधिक योग्य.